‘कोॲग्युलेशन’ म्हणजे काय? अर्थ, उगम आणि मराठीतले सगेसोयरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्ततपासणीच्या अहवालात, रसायनशास्त्राच्या पुस्तकात, जलशुद्धीकरणाच्या माहितीपत्रकात हा शब्द भेटतो आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा निराळा भासतो. शब्दांच्या मुळाशी जाण्याची आवड असणाऱ्यांसाठी हे पान आहे. प्रश्न वैद्यकाकडेही वळतात, पण इथे मुख्य पात्र शब्द आहे, रोग नव्हे.

‘कोॲग्युलेशन’चा अर्थ एका वाक्यात काय सांगाल?

द्रवात सुटे सुटे विखुरलेले सूक्ष्म कण किंवा रेणू एकमेकांना धरून बसतात आणि त्यातून घट्ट गोळा, गुठळी किंवा जाळं तयार होतं, ती क्रिया म्हणजे कोॲग्युलेशन. क्रियापद ‘कोॲग्युलेट’, तयार झालेल्या गोळ्याला ‘कोॲग्युलम’ आणि क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाला ‘कोॲग्युलंट’ म्हणतात.

म्हणजे पाणी उडून जाऊन घट्ट होणं, असंच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. उकळून पाणी कमी झालं की द्रव आटतो आणि दाट होतो. तिथे काहीतरी निघून गेलेलं असतं. कोॲग्युलेशनमध्ये काहीच निघून जाण्याची गरज नसते. जखमेवरचं रक्त घट्ट होतं ते वाळल्यामुळे नव्हे. बंद काचेच्या नळीत ठेवलेलं रक्तही काही मिनिटांत गोठतं आणि नळीतलं पाणी तेवढंच असतं. बदलते ती कणांची आपसातली मांडणी. आधी जे वेगवेगळे फिरत होते, ते आता एकमेकांत गुंतलेले असतात.

थंडीने पाणी गोठणंही तसं वेगळं. पाण्याचा बर्फ होतो तेव्हा तापमान उतरलेलं असतं, आणि ऊब मिळाली की बर्फाचं पुन्हा पाणी होतं. अंड्याचा पांढरा भाग मात्र तापवल्यावर घट्ट होतो आणि कितीही गार केला तरी पूर्ववत होत नाही. त्यातली प्रथिनं उलगडलेली असतात आणि उलगडताना एकमेकांत अडकलेली असतात. गार-गरम करून रक्ताची गुठळीही पूर्ववत होत नाही.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये तो आला थेट गोठ्यातून.

‘कोआगुलुम’ म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य. दूधपित्या कोकराच्या, करडाच्या किंवा वासराच्या चौथ्या पोटात एक विकर (एन्झाइम) असतं, ज्याने दुधाचा घट्ट गोळा बनतो. चीज करणारे लोक हजारो वर्षं तेच वापरत आले. रोमन लेखक कोलुमेला पहिल्या शतकात शेतीवर लिहिताना या कामासाठी कोकराचं किंवा करडाचं कोआगुलुम सांगतो आणि पुढे म्हणतो, की रानटी काट्याचं फूल, करडईचं बी किंवा अंजिराच्या झाडाचा चीक यांनीही हे साधतं.

आता शब्द फोडून पाहू. ‘को’ म्हणजे एकत्र. ‘आग्’ हा ‘आगेरे’ या क्रियापदाचा गाभा, आणि त्याचा मूळ अर्थ हाकणं, पुढे नेणं. शेवटचा ‘उलुम’ हा साधनवाचक प्रत्यय. मराठीत झाकणे-झाकण, विरजणे-विरजण अशा जोड्या होतात, तसंच ते आहे. तेव्हा कोआगुलुम म्हणजे ‘ज्याने एकत्र हाकलं जातं ते’. याच दोन तुकड्यांचं आटोपशीर क्रियापद ‘कोगेरे’. व्हर्जिलच्या एका गोपगीतात गुराखी पोरांना ‘मेंढ्या गोळा करा’ असं सांगतो, तेव्हा तो हेच क्रियापद वापरतो.

मला या शब्दाबद्दल जी ओढ वाटते ती यामुळेच. माळावर पांगलेली गुरं संध्याकाळी हाकत एका जागी आणावीत, तसे दुधात पांगलेले कण एका जागी आणले जातात. ज्या माणसाने दिवसभर मेंढ्या वळल्या आणि रात्री त्यांच्या दुधाचा गोळा होताना पाहिला, त्याच्याच तोंडी हा शब्द घडला असणार, असं मला वाटतं. प्रथिनं आणि कलिलकण (द्रवात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण) यांतलं काहीही माहीत नसताना त्याने क्रियेचं वर्म नेमकं पकडलं : पदार्थ नवा येत नाही, असलेलेच एकत्र येतात.

इंग्रजीत हे क्रियापद साधारण १५व्या शतकापासून दिसतं.

मग दुधाचा शब्द रक्ताला कसा लागला?

या दोन द्रवांची सांगड फार जुनी आहे. होमरच्या ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात युद्धदेव एरीजची जखम भरून येते, आणि ती किती झटकन भरली हे सांगताना कवी म्हणतो, अंजिराचा चीक पडताच पांढरं दूध जसं भराभर घट्ट होतं तशी. ॲरिस्टॉटलने रक्तात तंतू असतात आणि ते काढून टाकले की रक्त गोठत नाही, असं नोंदवून ठेवलं आहे. गर्भ कसा आकार घेतो हे समजावतानाही त्याने दूध घट्ट होण्याचाच दाखला दिला. बायबलच्या ईयोबाच्या कथेत माणूस देवाला म्हणतो, की तू मला दुधासारखं ओतलंस आणि चीजसारखं घट्ट केलंस. जेरोमच्या लॅटिन अनुवादात या घट्ट करण्याला ‘कोआगुलास्ती’ असा शब्द आहे.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र रोजच्या वापरातला आहे. रक्त गोठल्यावर गुठळीभोवती जे पिवळसर पाणी सुटतं त्याला आपण ‘सीरम’ म्हणतो. लॅटिनमध्ये ‘सेरुम’ म्हणजे दूध फाटल्यावर वर येणारी निवळी! कोॲग्युलम आणि सीरम, दोन्ही नावं दुधावरून रक्तावर आली.

संस्कृतशी काही नातं आहे का?

आहे, आणि ते बरंच जवळचं आहे.

लॅटिनमधला ‘आग्’ आणि संस्कृतमधला ‘अज्’ हे सख्खे भाऊ आहेत. ‘अजति’ म्हणजे हाकतो, चालवतो. ऋग्वेदात गुहेत कोंडलेल्या गाई बाहेर काढल्या जातात त्या प्रसंगी ‘उद् गा आजत्’ असे शब्द येतात : गाई बाहेर हाकल्या. ग्रीकमधलं ‘आगेइन’ हेही याच कुळातलं. इंग्रजीतले ॲक्ट, एजंट, ॲजाइल हे शब्द लॅटिनमार्गे याच मुळापासून आले.

आता या ‘अज्’ला ‘सम्’ म्हणजे एकत्र हा उपसर्ग लावा. काय मिळतं? समाज.

‘समाज’ या शब्दाची व्युत्पत्ती हीच आहे : सम् + अज्. पाणिनीने याच्यासाठी एक सूत्रच दिलं आहे, ‘समुदोरजः पशुषु’ (३.३.६९). जनावरांचा कळप असेल तर ‘समज’ असं रूप होतं, इतरांचा समुदाय असेल तर ‘समाज’. अमरकोशही तेच सांगतो : ‘पशूनां समजोऽन्येषां समाजः’. (मराठीतला ‘गैरसमज’मधला ‘समज’ हा वेगळा शब्द. त्याचा कळपाशी संबंध नाही.)

म्हणजे कोॲग्युलम आणि समाज या दोन शब्दांची बांधणी एकच. एक काटेकोरपणा मात्र पाळायला हवा. धातू दोन्हीकडे एकाच मुळाचा आहे, पण ‘को’ आणि ‘सम्’ हे उपसर्ग अर्थाने सारखे असले तरी वेगळ्या मुळांचे आहेत. त्यामुळे ‘समाज’वरून कोॲग्युलम झाला असं म्हणणं चूक ठरेल. दोन भाषांनी आपापल्या घरी, एकाच वारशातून, एकाच कल्पनेचे दोन शब्द घडवले. एकीने ते दुधाला लावले, दुसरीने माणसांना.

रोमन लोकांनाही ही दुसरी बाजू दिसली होती. व्हॅरोने एके ठिकाणी मद्याला ‘मेजवान्यांना एकत्र बांधून ठेवणारं कोआगुलुम’ म्हटलं आहे.

‘कोगितो’ या प्रसिद्ध शब्दाचाही याच्याशी संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ या देकार्तच्या वचनातलं लॅटिन ‘कोगितो’ हे ‘को’ आणि ‘आगितारे’ (पुनःपुन्हा हलवणं) यांचं मिळून झालेलं रूप आहे. ‘आगितारे’ हे आगेरेचंच वारंवारता दाखवणारं रूप. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात हा दुवा उलगडून दाखवला आहे : स्मृतीत विखुरलेल्या गोष्टी गोळा कराव्या लागतात, आणि मनातल्या या गोळा करण्यालाच विचार करणं म्हणतात.

युरोपातल्या इतर भाषांत या शब्दाचं काय झालं?

लॅटिनच्या लेकींनी तो घासूनपुसून गुळगुळीत केला. फ्रेंचमध्ये ‘काये’ म्हणजे घट्ट होणं आणि ‘कायो’ म्हणजे गुठळी. स्पॅनिशमध्ये ‘क्वाहार’, इटालियनमध्ये ‘काल्यो’, पोर्तुगीजमध्ये ‘क्वाल्यु’. रोमानियनमधला ‘क्याग’ तर दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यालाही चालतो आणि रक्ताच्या गुठळीलाही. या बोलीतल्या रूपांशेजारी पंडितांनी जुना लॅटिन शब्द पुन्हा उचलून वैद्यकात आणला. त्यामुळे एकाच भाषेत एक शब्द गोठ्यातला आणि एक दवाखान्यातला, दोघेही एकाच आईचे.

जर्मन भाषेने वेगळी वाट धरली. तिथे ‘गेरिनुंग’ म्हणतात. ‘रिनन’ म्हणजे वाहणं, तेव्हा हे झालं ‘वाहत वाहत एकत्र येणं’. घट्ट होण्याच्या क्रियेला वाहण्यावरून नाव द्यावं याचं आधी नवल वाटतं, पण द्रवाचे थेंब एकमेकांकडे धावले तरच गोळा होणार ना!

क्लॉट, थ्रॉम्बस आणि कोॲग्युलम हे समानार्थी आहेत का?

बोलताना चालतात, लिहिताना भेद करावा.

‘क्लॉट’ हा जुन्या इंग्रजीतला घरगुती शब्द. अर्थ गोळा, ढेकूळ. जर्मनमधला त्याचा नातेवाईक ‘क्लोत्स’ म्हणजे लाकडाचा ओंडका.

‘थ्रॉम्बस’ ग्रीक आहे आणि वैद्यकात तो जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीत किंवा हृदयात तयार झालेल्या गुठळीसाठी राखून ठेवलेला आहे. परीक्षानळीत गोठलेल्या रक्ताला थ्रॉम्बस म्हणत नाहीत. त्याचं नातं ‘त्रेफेइन’ या ग्रीक क्रियापदाशी जोडतात. त्याचा जुना अर्थ घट्ट करणं. ‘ओडिसी’तला एकडोळ्या राक्षस निम्मं दूध घट्ट करून ठेवतो, तिथे हेच क्रियापद आहे. पुढे त्याचा अर्थ पोसणं, वाढवणं असा झाला. त्यामुळे स्नायू रोडावण्याला आपण ‘ॲट्रॉफी’ म्हणतो त्यातही हा शब्द दडलेला आहे.

गुठळी सुटून वाहत जाऊन दुसरीकडे अडकली तर तिला ‘एम्बोलस’ म्हणतात, म्हणजे आत ठोकलेली खुंटी किंवा पाचर. मराठीत यासाठी ‘अंतर्कीलन’ हा शब्द केला गेला. कील म्हणजे खुंटी. परिभाषेतले शब्द अवघड असतात अशी तक्रार नेहमीची आहे, पण हा शब्द ज्याने घडवला त्याने मूळ ग्रीक चित्र जसंच्या तसं मराठीत आणलं.

मराठीत कोॲग्युलेशनला काय म्हणावं?

एकच प्रतिशब्द मागू नका, हे माझं पहिलं उत्तर. इंग्रजीत या क्रियांना एकच छत्री पुरते. मराठीने मात्र काय घट्ट होतंय आणि कशाने, हे पाहून क्रियापदं वाटून दिली आहेत.

रक्तासाठी ‘गोठणे’ आणि ‘साकळणे’ (काहीजण ‘साखळणे’ म्हणतात). दोन्हींत बारीक फरक आहे. जखमेवरचं रक्त गोठतं. मार लागून कातडीखाली जमून काळंनिळं होतं ते रक्त साकळतं. मेण, चरबी, तेल गार होऊन घट्ट होतं त्याला ‘थिजणे’. दुधासाठी ‘विरजणे’, आणि नको असताना झालं तर ‘फाटणे’ किंवा ‘नासणे’. उकळून दाट होणं म्हणजे ‘आळणे’, आणि उकळून कमी होणं म्हणजे ‘आटणे’. या शेवटच्या दोघांना कोॲग्युलेशन म्हणता येत नाही, हे वर आलंच आहे.

‘जमणे’ मात्र लक्षात ठेवण्यासारखा. बर्फ जमतो, धूळ जमते, गर्दी जमते, सभा जमते आणि दोन माणसांचंही जमतं. लॅटिन गुराख्याच्या डोक्यात जे होतं, ते या साध्या क्रियापदात आपण रोज वापरतो.

शास्त्रीय लेखनात, विशेषतः मराठी विश्वकोशासारख्या ग्रंथात, ‘रक्तक्लथन’ भेटतो. पाठ्यपुस्तकात किंवा प्रबंधात तो शोभतो. रुग्णाशी बोलताना तो वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘तुमचं रक्त लवकर गोठतं’ हे ज्याला एका ऐकण्यात कळतं, त्याच्यासमोर क्लथन कशाला आणायचं?

‘थिजणे’ या शब्दाचा उगम काय?

त्याची नाळ संस्कृतच्या ‘स्त्यै’ धातूशी जोडली जाते. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा एक अर्थ ‘संघात’ असा दिला आहे, म्हणजे एकत्र येऊन घट्ट होणं. त्याचं भूतकाळवाचक रूप ‘स्त्यान’ म्हणजे घट्ट झालेलं. पतंजलीच्या योगसूत्रांत (१.३०) चित्ताच्या नऊ अडथळ्यांच्या यादीत व्याधीच्या लगेच पुढे ‘स्त्यान’ येतं. भाष्यकार त्याचा अर्थ देतात : चित्ताची अकर्मण्यता. थिजलेलं मन! भीतीने माणूस जागच्या जागी थिजला, डोळे थिजले असं आपण म्हणतो, तेव्हा ही जुनीच वाट चालत असतो.

याच अर्थाचा आणखी एक धातू आहे, ‘श्यै’, आणि पाणिनीचं त्यावरचं सूत्र (६.१.२४, ‘द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः’) वाचताना मला दर वेळी आनंद होतो. द्रव घट्ट झाला असेल तर या धातूपासून ‘शीन’ होतं. काशिकावृत्ती या पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेतलं उदाहरण ‘शीनं घृतम्’, थिजलेलं तूप. स्पर्श सांगायचा असेल तर ‘शीत’ होतं. म्हणजे आपला रोजचा ‘शीत’ हा थिजण्याचा सख्खा भाऊ. आणि दोन्ही अर्थ नसतील तर? तिथे वृत्तिकार ‘संश्यानो वृश्चिकः’ हे उदाहरण देतात, अंग आखडून बसलेला विंचू. व्याकरणाच्या सूत्रात असा जिवंत विंचू भेटला की पान मिटवत नाही.

सूत्रातला ‘द्रवमूर्ति’ म्हणजे काय? इथे मूर्तीचा काय संबंध?

‘मूर्ति’ हा शब्दच घट्ट होण्याचा आहे. ‘मूर्च्छ्’ धातूचा एक अर्थ घट्ट होणं, आकार धरणं. त्यातून मूर्त म्हणजे घट्ट, आकार आलेलं. मूर्ति म्हणजे घट्टपणा, आणि मग घट्ट आकार असलेली वस्तू, देह, प्रतिमा. ‘द्रवमूर्ति’ म्हणजे द्रवाचं घट्ट होणं. ‘अमूर्त’ म्हणजे ज्याने अजून आकार धरलेला नाही ते. शुद्ध हरपणं या अर्थाची मूर्च्छाही याच धातूची.

‘घन’ हा शब्दही या रांगेत बसतो. पाणिनीचंच सूत्र आहे : ‘मूर्तौ घनः’ (३.३.७७). कठीणपणा सांगायचा असेल तर ‘हन्’ धातूपासून ‘घन’ होतो. त्याच्या उदाहरणांत ‘दधिघन’ आहे, दह्याचा घट्ट गोळा. संस्कृत व्याकरणकारही शेवटी दुधापाशीच आले.

आयुर्वेदात रक्त गोठण्यासाठी कोणता शब्द आहे?

‘स्कंदन’. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात १४व्या अध्यायात रक्तस्राव थांबवण्याचे चार उपाय आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी व्रणाचं तोंड जुळतं, गारव्याने रक्त घट्ट होतं, भस्माने पाचन होतं आणि डाग दिल्याने शिरा आकसतात, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. गंमत म्हणजे ‘स्कंद्’ धातूचा नेहमीचा अर्थ उसळणं, सांडणं असा आहे. हिंदीत आजही रक्त गोठण्याला ‘स्कंदन’ म्हणतात.

रक्त गोठताना नेमकं काय होतं?

रक्तवाहिनीला चीर पडली की आधी धावून येतात त्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स. निरोगी माणसाच्या दर घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्या चिरेवर चिकटतात, फुगतात आणि एकमेकींना धरून तात्पुरतं बूच बसवतात.

पण हे बूच कच्चं असतं. त्याला पक्कं करतं फायब्रिन. रक्तद्रवात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेल्या स्थितीत फिरत असतं, दर १०० मिलिलिटरमध्ये साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम. थ्रॉम्बिन हे विकर त्याचे छोटे तुकडे छाटून टाकतं. छाटलेले रेणू एकमेकांना टोकाटोकाने आणि कडेकडेने चिकटून धागे बनतात. धाग्यांचं जाळं होतं, त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात, आणि तेराव्या क्रमांकाचा घटक या धाग्यांना आडवे टाके घालतो. ॲरिस्टॉटलने पाहिलेले तंतू ते हेच.

थ्रॉम्बिन आयतं तयार नसतं. त्याच्यामागे घटकांची साखळी असते, एक जागा झाला की पुढच्याला जागं करतो. या घटकांना रोमन आकड्यांत एक ते तेरा क्रमांक आहेत, पण सहावा क्रमांक रिकामा आहे. ज्याला तो दिला होता तो वेगळा घटक नाही असं नंतर लक्षात आलं. चौथा घटक म्हणजे चक्क कॅल्शियम. १९६४ साली या साखळीचं वर्णन दोन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी केलं. एकाने तिला ‘कॅस्केड’ म्हटलं, दुसऱ्याने ‘वॉटरफॉल’. दोन्हींचा अर्थ धबधबा.

दुधातही तत्त्व तेच. केसीन प्रथिनाचे गोळे एकमेकांपासून दूर राहतात, कारण त्यांच्या अंगावर एका प्रकारच्या केसीनची लव असते. विकर ती लव कापतं आणि गोळे एकमेकांना चिकटतात.

‘व्हिटॅमिन के’मधला ‘के’ कोॲग्युलेशनचा आहे का?

हो. डेन्मार्कचे हेन्रिक डाम १९२९च्या सुमारास कोंबडीच्या पिलांना चरबीरहित आहार देऊन प्रयोग करत होते. पिलांना रक्तस्राव होऊ लागला आणि रक्त गोठायला वेळ लागू लागला. १९३५ साली त्यांनी या अज्ञात घटकाला जर्मन आणि डॅनिश स्पेलिंगमधलं आद्याक्षर दिलं. त्या भाषांत कोॲग्युलेशन ‘के’ने सुरू होतं. त्यांना आणि एडवर्ड डॉइझी यांना १९४३ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. इंग्रजी स्पेलिंग वापरलं असतं तर ‘सी’ हे अक्षर आधीच घेतलेलं होतं.

‘रक्त पातळ करणारं औषध’ हे अँटिकोॲग्युलंटचं योग्य भाषांतर आहे का?

नाही. हा शब्दप्रयोग सगळीकडे रुळला आहे, पण दिशाभूल करतो. ही औषधं रक्तात पाणी घालत नाहीत, रक्ताचा दाटपणाही कमी करत नाहीत. ती गोठण्याची साखळी मध्येच कुठेतरी अडवतात किंवा मंद करतात, इतकंच. ‘गोठणरोधक’ म्हटलं तर अर्थ लगेच कळतो.

या चुकीच्या शब्दामुळे माणसं भलते निष्कर्ष काढतात. माझं रक्त तर आधीच पातळ आहे, मला रक्तक्षय (ॲनिमिया) आहे, मग हे औषध कशाला? पाणी जास्त प्यायलं तर गोळी सोडता येईल का? असे प्रश्न मनात येतात आणि डोस परस्पर बदलले जातात. रक्तक्षय हा हिमोग्लोबिनचा विषय, गोठणं हा वेगळाच. औषध कधी घ्यायचं आणि कधी थांबवायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. शब्दावरून अंदाज बांधून तर कधीच नाही.

नावांपुरतं सांगायचं तर ‘हेपरिन’ ग्रीक ‘हेपार’वरून आलं, म्हणजे यकृत. आणि ‘वॉरफरिन’च्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या पहिल्या चार अक्षरांत विस्कॉन्सिनमधल्या ज्या संशोधन प्रतिष्ठानाने त्या कामाला पैसा पुरवला, त्याच्या नावाची आद्याक्षरं आहेत.

पाणी शुद्ध करतानाही हाच शब्द का?

कारण क्रिया तीच. गढूळ पाण्यातले मातीचे अतिसूक्ष्म कण तळाशी बसत नाहीत, कारण बहुतेकांवर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा धन भार हे लोटणं मोडून काढतो आणि कण जवळ येऊ लागतात. हे कोॲग्युलेशन. पुढे पाणी हळुवार ढवळलं की या कणांचे मोठे पुंजके होतात, त्याला ‘फ्लॉक्युलेशन’ म्हणतात. लॅटिन ‘फ्लोक्कुस’ म्हणजे लोकरीचा पुंजका. इथेही मेंढ्या आल्याच.

किमयागारांचं ‘सोल्वे एत कोआगुला’ म्हणजे काय?

‘विरघळव आणि घट्ट कर’. युरोपीय किमयाशास्त्राचं हे ब्रीद. पदार्थ आधी सुटा करायचा, मग तो नव्या रूपात बांधायचा.

देवनागरीत नेमकं कसं लिहावं?

‘कोॲग्युलेशन’ हे रूप आता बहुतेक ठिकाणी चालतं. ‘कोअ‍ॅग्युलेशन’ही दिसतं. उच्चारात ‘को’ आणि ‘ॲ’ वेगळे ऐकू यावेत. ‘कॅग्युलेशन’ नको, कारण त्यात ‘को’ म्हणजे ‘एकत्र’ हा अर्धा अर्थच गळून पडतो.

याचा विरुद्धार्थी शब्द कोणता?

मराठीत पदार्थ पाहून ठरवावा लागतो. थिजलेलं पाघळतं, गोठलेलं वितळतं. रक्ताच्या गुठळीसाठी मात्र ‘विरघळणे’ म्हणावं. जखम भरत आली की प्लाझ्मिन नावाचं विकर फायब्रिनचे धागे तोडू लागतं. या क्रियेला ‘फायब्रिनोलिसिस’ म्हणतात. त्यातला ‘लिसिस’ ग्रीक आहे. अर्थ सोडणं, मोकळं करणं.